मिकेलची अकरावी पायरी

“मिकेलची खानावळ. रस्त्याचं नाव?” बापट सरांनी वहीवर पेन टेकवलं.

“रस्ता कसला सर, बोळ होता तो. दोन गाढवं समोरासमोर आली की एकाला उलट्या पावली परत जावं लागायचं.”

“पण बोळाला नाव असेल ना?”

“असेल. तिथल्या भाषेत. ते ऐकायला यायचं, उच्चारायला गेलं की जीभ दुमडायची.”

सरांनी वहीत लिहिलं : ‘बोळ. नाव अनुपलब्ध.’

बापट सर भूगोलाचे. तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं, भूमध्य समुद्राकाठी उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. आणि निवृत्त झाल्यावर ते खरं आहे का, हे तपासायला निघाले होते. आमच्या पलंगावर माल्टा बेटाचा नकाशा पसरलेला होता. पंख्यानं उडू नये म्हणून विमलनं चार कोपऱ्यांवर चार वाट्या उपड्या घातल्या होत्या. मी नकाशाकडे बघायचं टाळत होतो. कर्जबुडव्यासारखी माझी नजर सारखी खिडकीबाहेर.

“आणि पायऱ्या किती म्हणालात?”

“अकरा,” माझ्या आधी विमल म्हणाली. “निळ्या रंगवलेल्या. खानावळीच्या मागच्या दारातून थेट समुद्रात. अकरावी पाण्याखाली. तिच्यावर बसायचं, पाय सोडायचे, आणि मिकेल वरून कलिंगडाच्या फोडी देतो.”

“मिकेल म्हणजे तोच ना, सहा बोटांचा?”

“डाव्या हाताला,” विमल म्हणाली. “सहाव्या बोटानं टिचकी मारून कलिंगड पारखतो. हो ना हो?”

“हो तर,” मी म्हणालो आणि उठून उगाचच पंख्याचं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं.

शहाण्णव सालची ही गोष्ट. आम्ही मिरजेत राहायचो. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेलो, विमल नुकतीच, परिचारिकेच्या नोकरीतून. तेहतीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्याकडे काही म्हणता काही मागितलं नव्हतं. निरोपसमारंभाचा नारळ घेऊन घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, “आता मला त्या अकराव्या पायरीवर बसायचंय.” बापट नवराबायको माल्टाच्या सहलीत नाव घालणार होतेच. हिनं आमची दोन घालून टाकली.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी त्या बेटावर पाऊल ठेवलेलं नव्हतं.

बाविसाव्या वर्षी मी एका मालवाहू जहाजावर कांदे सोलायच्या कामावर लागलो, हे खरं. माल्टाजवळ जहाजाचं इंजिन बिघडलं आणि आम्ही तिथल्या गोदीत अडकलो, हेही खरं. पण अडकलो त्याच दिवशी मला कांजिण्या आल्या आणि कप्तानानं मला एका खोलीत कोंडलं. एकोणीस दिवस. (सांगता सांगता त्याचे एक्केचाळीस झाले, पण मूळ एकोणीस.) खोलीला बशीएवढी एक गोल खिडकी. तीतून जेवढं दिसलं तेवढं माझं माल्टा. एक पिवळी भिंत, एक वाळत घातलेलं लुगड्यासारखं काहीतरी, आणि रोज दुपारी भिंतीच्या आडून उतरत येऊन पाण्यात कलिंगडाच्या साली फेकणारा एक माणूस. त्याचं तोंड कधी दिसलं नाही. पायऱ्याही दिसत नव्हत्या. पण माणूस एकेक टप्प्यानं खाली येत होता, म्हणजे असणारच. त्या निळ्या मी रंगवल्या. सहावं बोट मी चिकटवलं. त्याचं बारसंसुद्धा मीच केलं. विसाव्या दिवशी कांजिण्या गेल्या आणि जहाजही निघालं.

पुढे पार्सल ऑफिसात पायावर खोकं पडून मी दवाखान्यात नऊ दिवस पडून होतो, तेव्हा सिस्टर विमल गाडगीळ यांना मी हे बेट सुट्टं सुट्टं करून रोज थोडं थोडं दिलं. दहाव्या दिवशी घरी जाताना विचारलं, लग्न करता का? त्या हो म्हणाल्या. म्हणजे बघा, आमचा संसार कशाच्या पायावर उभा होता. आणि तो पाया खणायला बापट सर वही घेऊन निघालेले.

वाट सापडेना तेव्हा द्वारकाकाकू धावून आल्या. धावून म्हणजे काठी टेकत. समोरच्याच घरात राहायच्या. वय ऐंशी, दात चार, पंचांग तोंडपाठ.

“पुढच्या शनिवारी निघणार? अमावास्येला?” त्यांनी कपाळाला हात लावला. “नारायणा, तुला नाही, पण विमललाही कळू नये?”

“काकू, विमानवाल्यांकडे पंचांग नसतं,” मी म्हणालो. मनात मात्र उकळी फुटली. म्हटलं, म्हातारे, असाच रेटा लाव.

“मग या गुरुवारी प्रस्थान ठेवा. दहा वाजून वीस मिनिटांनी. माझ्याकडे. मुंबई ह्याच अंगाला ना? झालं तर.”

तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं एक वस्त्र, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ एका फडक्यात बांधून वाटेवरच्या शेजाऱ्याकडे ठेवायचे. गाठोडं गेलं की माणूस निघाला असं धरतात. मग दहा दिवसांच्या आत तो देहानं निघाला तरी चालतं. एकच अट, आणि ती काकूंनी काठी आपटून सांगितली : “गाठोडं माघारी घरात न्यायचं नाही. आणि ज्यानं ते उचललं त्यानंही आपला उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. पुढेच जायचं. परत येणं ते प्रवास करूनच.”

ही अट ऐकली आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली.

दोघांचे पासपोर्ट कपाटात बिस्किटांच्या डब्यात होते. बापट पतिपत्नी या शनिवारच्या सकाळच्या कोयना एक्सप्रेसनं मुंबईला लेकीकडे गिरगावात जाऊन राहणार होते. जाताना आमचेही पासपोर्ट नेऊन सहलवाल्यांकडे व्हिसासाठी देणार होते. आम्ही मागाहून आठवड्यानं. म्हणजे शनिवारी पासपोर्ट हाती नसले की सगळंच बारगळलं. गुरुवारी विमलनं दोन गाठोडी बांधली आणि काकूंना हाताला धरून आणायला गेली. मी तिचं गाठोडं सोडलं, मोरपंखी साडीच्या घडीत दोन्ही पासपोर्ट सरकवले आणि पुन्हा आवळून बांधलं. माझ्या गाठोड्यात का नाही? छे! चोर आपल्याच खिशात माल ठेवतो का?

दहा वीसला दोन्ही गाठोडी काकूंच्या देवघरात गेली. आता ती उघडायची नाहीत, परत आणायची नाहीत. धर्मानंच कुलूप घातलं होतं. मी त्या दिवशी दोन वाट्या खीर जास्त खाल्ली.

शुक्रवारी घर उलटंपालटं झालं. बिस्किटांचा डबा रिकामा बघून विमल मटकन खाली बसली. मग कपाट, माळा, गाद्यांच्या खोळी, धान्याचे डबे. सगळ्यात जास्त मी शोधत होतो. लोणच्याच्या बरणीतसुद्धा हात घातला.

“पासपोर्ट मुरवायला घातले होतेत का?” विमल म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

बापट सर तीनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा दारातूनच म्हणाले, “सोवनी, उद्या नऊला गाडी आहे. वहिनींच्या तोंडाकडे बघवत नाही हो.”

मलाही बघवत नव्हतं. मी सारखा उठत होतो, बसत होतो. पाणी प्यायला जायचो आणि तांब्या हातात घेऊन अंगणात उभा राहायचो. एकदा वाटलं सांगून टाकावं. पण काय सांगणार? एक सांगितलं की त्याच्या शेपटाला धरून दुसरं बाहेर येणार.

संध्याकाळी विमल काकूंकडे जाऊन आली. निरांजनाला तूप द्यायला, म्हणाली. परत आली आणि तिनं शोधाशोध थांबवली. पिठलं-भाकरी केली, मला वाढली आणि समोर बसून एकदम विचारलं, “अहो, जहाजावर गाठी कोण शिकवायचं?”

अहाहा! इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. तिचं लक्ष दुसरीकडे वळतंय म्हणून मला हायसंही वाटलं. मी पिशवीची नाडी सोडून आणली, आणि खलाशांचा मुकादम कसा तोंडात विडी धरून डोळे मिटून गाठ मारायचा, वादळात सगळं जहाज मोडलं तरी त्याची गाठ कशी तरंगत किनाऱ्याला लागली, हे साग्रसंगीत सांगितलं. शेवटी गाठ मारून दाखवली. जहाजावर मी खरोखर शिकलो असेन तर ती एवढीच.

“पुन्हा एकदा दाखवा,” ती म्हणाली.

मी पुन्हा दाखवली.

“वेगळीच असते नाही? आम्ही जखमेवर पट्टी बांधतो तिची गाठ सपाट बसते. ही उभी राहते.”

“ओढावं तितकी घट्ट होते,” मी फुशारून म्हणालो.

“होते खरी,” ती म्हणाली आणि भाकरीचं पीठ झटकत उठली.

शनिवारी सकाळी आठला ती रोजच्या सुती साडीत, हातात वाटी घेऊन निघाली.

“कुठे?”

“काकूंकडून विरजण आणते.”

मी पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, पेपर घेऊन, उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसलो. बापटांची रिक्षा आली आणि काकूंच्या दाराशी थांबली. आमच्या नव्हे, काकूंच्या. मला ते जरा खटकलं. एवढ्यात विमल बाहेर आली, ओट्यावर बसली, आणि मांडीवर गाठोडं ठेवून शांतपणे गाठ सोडू लागली. दातांनी सोडावी लागली. ओढावं तितकी घट्ट, मीच म्हणालो होतो. साडीच्या घडीतून दोन निळी पुस्तकं निघाली. तिनं ती बापटवहिनींच्या हातात दिली.

“सापडले?” बापट सर ओरडले. “कुठे होते?”

“माझ्याच साडीत,” विमल म्हणाली. “मीच ठेवले असतील. म्हातारपण, दुसरं काय.”

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या उंबऱ्यापासून काकूंच्या ओट्यापर्यंत मोजून अकरा पावलं. (नऊ असतील, पण अकरा धरू.)

“अहो,” ती म्हणाली, “तुमचंही गाठोडं इथेच आहे. येता?”

“आत्ता? अगं, विमानाला अजून आठवडा आहे. घरी तर ये आधी, बोलू.”

“मला येता येत नाही. मी उचललंय.”

“तिला येता येत नाही,” मागून काकू गरजल्या. “तिनं उचललंय!”

“अगं, पण कपडे? चष्मा?”

“गिरगावात मिळतं सगळं. येता का?”

गल्लीत चार डोकी बाहेर आली होती. मी उठलो. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, असं मी पुढे वर्षानुवर्षं सांगत आलो. टाकला नव्हता. मला पुढे दिसत होता एक बोळ, त्यात पुढे वही घेतलेले बापट सर, मागे विमल, आणि शेवटी एक कोरी भिंत. आणि त्या भिंतीसमोर माझ्याकडे वळून बघणारी तिची नजर. जगात खोटं बोलायला जिथे तिथे जागा असते, पण त्या क्षणी मला एक साधी सबब सुचेना.

ती सबब विमलनंच दिली. रिक्षात चढता चढता मोठ्यानं म्हणाली, “अगं बाई! अहो, गॅसवर दूध ठेवलंय मी. उतू जाईल, आधी ते बघा!”

मी आत धावलो. गल्लीनं पाहिलं, सोवनी दूध बघायला धावले म्हणून राहिले. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

गॅस बंद होता. दूध नव्हतंच. तेहतीस वर्षांत तिनं मारलेली ती पहिली थाप.

पुढचे सोळा दिवस मी घरात आणि अंगणात मिळून पायी माल्टा गाठलं असेल इतक्या येरझारा घातल्या. काकू ओट्यावरून टोमणे मारायच्या, “नारायणा, तुझं गाठोडं पडून आहे रे. तू अर्धा गेलेला आहेस. तुला आता कुठेच करमायचं नाही.” झालं तसंच. मी एकेक वाक्य जुळवून ठेवत होतो. बोळ पाडला असेल. मिकेल मेला असेल. समुद्र पुढे सरकला असेल. रात्री जुळवायचो, सकाळी मोडायचो.

सतराव्या दिवशी ते आले. विमल रिक्षातून उतरली, काळवंडलेली, नाकाचा शेंडा सोललेला. अख्खी गल्ली काकूंच्या ओट्याशी. मी तयारीनं उभा. आणि बापट सर माझ्यापुढे येऊन चक्क हात जोडून उभे राहिले.

“सोवनी, माफ करा. मला शंका होती तुमच्यावर.”

“म्हणजे?”

“पाचव्या दिवशी आम्ही किल्ला बघायला गेलो. वहिनी म्हणाल्या, मी नाही येत, मला एक काम आहे. एकट्या गेल्या! संध्याकाळी आल्या त्या साडी गुडघ्यापर्यंत ओली आणि काखेत हे एवढं कलिंगड.” त्यांनी वही उघडून वाचलं, “‘मिकेल : आढळला. वय झाले आहे. बोटे सहा.’”

“काय सांगता!” काकू म्हणाल्या. “विमल, खरंच सहा?”

“मोजली की,” विमल म्हणाली. “एकेक धरून.”

“आणि ह्याला ओळखतो?”

“पहिलं विचारलं ते ह्यांच्याबद्दल. म्हणाला, तो नारायण का नाही आला? म्हटलं, दूध उतू जात होतं.”

गल्ली हसली. मीही हसलो. माझा सहा बोटांचा माणूस, मी घडवलेला, आणि तो माझ्याच बायकोच्या हातात हात देऊन बसलेला.

घरात आलो. दार लावलं.

“विमल, खरं सांग.”

“काय खरं?”

“मिकेल नाहीये. मी कधी—”

“कांजिण्या,” ती म्हणाली. पिशवीतून ओल्या वासाची मोरपंखी साडी काढून ती झटकत होती. “एकोणीस दिवस वेगळं ठेवलं होतं. पाय मोडून आलात तेव्हा डॉक्टरांनी पूर्वीचे आजार विचारले, तुम्ही सांगितलेत. केसपेपर मीच लिहिला होता.”

मी पलंगावर बसलो. म्हणजे पहिल्या दिवसापासून. पहिल्या पायरीपासून.

“मग हो का म्हणालीस? आणि मग इतक्या लांब गेलीस कशाला?”

“तुम्ही खिडकीतून एवढं बघितलंत,” ती म्हणाली. “कुणीतरी खाली उतरून बसायला नको?”

त्यानंतर तिनं त्या बेटाबद्दल मला एक अक्षर सांगितलेलं नाही. मी विचारलं नाही असा आठवडा गेला नसेल. बोळ कसा होता? “तुम्ही सांगता तसाच, गाढवाला मागे फिरावं लागतं.” पाणी गार होतं? “तुम्ही म्हणाला होतात ना, कोमट.” माझंच बेट, माझ्याच शब्दांत, ती मला परत करते. आणि खरं, तिनं पाहिलेलं, ते पाय पुसून कुठेतरी ठेवून दिलंय. इतरांना थापा मारून मी आयुष्य काढलं. एकदा, एकदाच मला खरं ऐकायचंय, आणि ते एकाच माणसापाशी आहे.

काकू गेल्या त्याला वीस वर्षं झाली. माझं गाठोडं अजून त्यांच्या सुनेनं माळ्यावर ठेवलंय, आणायचं कसं? पंचांगानं पाहिलं तर मी अजून प्रवासात आहे. चौऱ्याऐंशी वर्षांचा झालो, एका जागी तासभर बसवत नाही.

एक फोटो आहे. विमल दगडी पायरीवर बसलीय, पाय पाण्यात, साडी गुडघ्यापर्यंत, आणि मान मागे टाकून अशी हसतेय की मी तिला तसं हसताना घरात कधी पाहिलेलं नाही. मागे एक भिंत आहे. पिवळी म्हणाल तर पिवळी. पायऱ्या भिंगातून मोजल्या, दिसतात तीनच. निळ्या आहेत का सावली पडलीय, कळत नाही. सकाळी, दुपारी, दिवे लागताना वेगवेगळ्या उजेडात धरून पाहिलं.

परवा पुन्हा फोटो घेऊन तिच्यापुढे गेलो. ती ओट्यावर शेंगा सोलत होती.

“विमल, एवढंच सांग. बापट तर किल्ल्यावर होते. तू एकटी होतीस. मग हा फोटो काढला कुणी?”

तिनं शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“मिकेलनं. थोडा हललाय बघा. सहावं बोट मध्ये येत होतं.”